हप्ता बंद करायला गेलो तेव्हा

मला नोकरी लागली तेव्हा माझी मुलगी माझ्या खांद्याला लागली होती. डी.एड. लग्नाआधीच झालं होतं, चिखलीला मावशीच्या घरी राहून. त्यानंतर भरती निघेना. निघेल निघेल म्हणता म्हणता लग्न झालं, दोन लेकरं झाली, आणि मी शेतात जाऊ लागले. सोयाबीन सोंगायला, हरभरा निंदायला, तुरीचे शेंडे खुडायला. सोबतच्या बायका मला चिडवायला ‘मास्तरीण’ म्हणायच्या. पुढं ते नावच पडलं. कामाला हाक मारायची तरी, ‘ओ मास्तरीणबाई, येता का उद्या निंदायला?’ अशी.

माझा नवरा बारावीनंतर पुण्याकडं एका कंपनीत हेल्पर होता. सासरे गेले तसा तो परत आला. आमचं रान फार नाही. थोडं सासूबाईंच्या नावावर, थोडं त्याच्या. गावात त्याला बरीच वर्षं कुणी शेतकरी मानलं नाही. ‘पुण्यावरून परत आलेला’ हीच त्याची ओळख. पेरणीत दोन सरींमधलं अंतर जरा चुकलं की लोक बांधावर उभे राहून सांगायचे, “हे कंपनीतलं काम नाही, भाऊ.” तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी ती चूक करायचा नाही.

मग शेतकऱ्यांसाठीचा सन्मान निधी सुरू झाला, दर चार महिन्यांनी दोन हजारांचा हप्ता. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी अर्ज भरले, त्यातच ह्यानंही भरला. पहिल्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही रानात होतो. तो धुऱ्यावरून चालत माझ्यापर्यंत आला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

“पाय, काय आलं.”

“पैसे आले वाटतं.”

“पैशाचं सोड. कोनाले आले ते पाय. शेतकऱ्याले आले.”

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं की त्या दिवसापासून तो बांधावरच्या लोकांना उत्तरं द्यायला लागला. सरकारनं त्याला शेतकरी म्हटलं होतं, आता गावानं म्हणायला काय हरकत होती!

त्या हप्त्यांचं आमच्या घरी फार मोठं काही झालं नाही. कधी फवारणीचं औषध, कधी लेकरांची दप्तरं. पण एक हप्ता मला चांगला लक्षात आहे. शिक्षक भरतीची परीक्षा जाहीर झाली आणि मी मुद्दाम घरात बोललेच नाही. इतक्या वर्षांनी कुठं पुस्तकं काढायची? ह्याला बाहेरून समजलं. हप्ता आला होता तो त्यानं तसाच फॉर्मला लावला, उरलेल्यात अकोल्याला परीक्षेला जाण्यायेण्याचं भाडं निघालं. मी म्हटलं, “बियाण्याला ठेवले असते.” तो म्हणाला, “हे बियाणंच हाये. उगवलं तर उगवलं.”

उगवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत, डोणगावच्या बाजूला एका गावी माझी नेमणूक झाली. आमच्या गावाहून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिथं खोली केली आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं घरी यायला लागले. लेकरं त्याच्याजवळ आणि आत्याबाईंजवळ. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. पहिल्याच महिन्यात तो मुलीच्या दोन वेण्या घालायला शिकला. एक वर आणि एक खाली अशा यायच्या, पण घट्ट असायच्या. दिवसभर सुटायच्या नाहीत.

असाच एक शनिवार होता. मी आल्या आल्या डबा घासायला घेतला तर तो मोरीच्या दारात येऊन उभा राहिला.

“तुही नोकरी सरकारीच हाये ना?”

“जिल्हा परिषदेची. म्हणजे सरकारीच की. काऊन?”

“मंग माहा हप्ता बसत नाही.”

त्या आठवड्यात ग्रामपंचायतीत कृषी खात्याच्या मॅडम आल्या होत्या. हप्ता कुणाला मिळतो आणि कुणाला नाही ते त्यांनी वाचून दाखवलं. नवराबायकोपैकी एकजण सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही, दहा हजार किंवा जास्त पेन्शन असेल तरी नाही. वाचून झालं, लोक चहा पिऊन उठले. ह्याच्या डोक्यात मात्र ते बसलं. मला नोकरी लागल्यावरही एक हप्ता त्याच्या खात्यात आला होता. तो त्यानं तसाच ठेवला होता, हात लावला नव्हता.

“बंद करा लागन,” तो म्हणाला. “अन् तो एक हाये तो परत.”

आतून आत्याबाईंनी ऐकलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या, तशाच उठून आल्या.

“काय परत? कोनाले परत? सरकारनं देलं ते कोनी परत करते का?”

“माय, आता मी त्यात बसत नाही.”

“तू नाही बसत तं मी बसतो ना? तुह्या नादात माहाही बंद पडन मंग!”

आत्याबाईंचा हप्ता वेगळा होता, त्यांच्या नावच्या रानाचा, त्यांच्या खात्यात. ते पैसे त्यांचे स्वतःचे. त्यातून त्या नातीला कानातलं घ्यायच्या, भीमजयंतीला नवं पांढरं पातळ घ्यायच्या, आणि कुणाला विचारायच्या नाहीत. त्यांची भीती मला समजत होती. पण तो म्हणाला, “तुहा तुह्या नावानं हाये, माहा माह्या नावानं. मी माहाच बंद करतो.” आणि विषय तिथंच थांबला. आत्याबाई मात्र त्या रात्री ताट घेऊन वेगळ्या जेवल्या.

दिवाळीची सुट्टी लागली, सोयाबीन घरात आलं होतं, हरभरा पेरून झाला होता. तेव्हा आम्ही दोघं निघालो. आधी गावातल्याच ऑनलाइन सेंटरवर. ते चालवणारी मुलगी आमच्या भाचीएवढी. तिनं कॉम्प्युटर उघडला आणि विचारलं, “नवीन नोंदणी का, दादा?”

“बंद करायचं.”

“काय बंद करायचं?”

“हप्ता.”

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “दादा, मी आजपर्यंत एकाचाही बंद नाही केला. थांबा, शोधतो.” तिला ते सापडलंही. पण त्यासाठी ओटीपी येणार होता तो जुन्या नंबरवर, आणि तो मोबाइल मोटर काढताना विहिरीत पडला होता. मुलगी म्हणाली, “तालुक्याला जा लागन.”

तालुक्याला त्यानं लग्नातला पांढरा शर्ट घालून जायचं ठरवलं. मी म्हटलं, “पैसे मागायला नाही चाललो आपण, साधा घाला.” तो म्हणाला, “मागाले जातांना साधा घालते मानूस. द्याले जातांना चांगलाच घाला लागते.”

तहसील कचेरीत खिडकीपुढं रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली नाही.

“किती हप्ते आले नाहीत?”

“सगळे आले,” हा म्हणाला.

“मग केवायसी राहिली का?”

“झाली.”

“आधार बँकेला जोडलेलं नाही?”

“जोडेल हाये.”

आता साहेबांनी मान वर केली. “मग तक्रार काय आहे?”

“येऊन राह्यले, हेच.”

रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. हे काम आता कृषीकडं आहे असं ते म्हणाले. आम्ही कृषीच्या ऑफिसात गेलो. तिथं एकजण म्हणाला की नोंद महसूलची आहे, तिकडूनच व्हायला पाहिजे. आम्ही परत आलो. परत आलो तर साहेब जेवायला गेले होते. वैतागून मी म्हटलं, “राहू द्या आता, पुढच्या सुट्टीत पाहू.” तो बाकावर बसला आणि मलाही बसायला जागा केली. “मले घाई नाही,” म्हणाला. “हरभऱ्याले अजून पानी नाही द्यायचं.”

शेवटी आम्हाला आत एका वयस्क बाईंकडं पाठवलं. चष्मा गळ्यात, टेबलावर पाण्याची बाटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, “तुम्ही कायम झालात का?”

“नाही, अजून शिक्षणसेवक आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर.”

“मग कशाला घाई करता? कायम झाल्यावर या. तोवर प्रश्न आलाच तर सांगता येईल की अजून पूर्ण पगार नाही.”

त्या आमच्या भल्याचंच बोलत होत्या. मलाही क्षणभर वाटलं, चला, दोन-तीन वर्षांची सवलत मिळाली. मी ह्याच्याकडं पाहिलं. तो खुर्चीवर पुढं सरकून बसला होता.

“मॅडम, शाळेत लेकरं तिले मॅडम म्हनतेत का नाही?”

“म्हणत असतील.”

“सही करते ना ती हजेरीवर? मंग नोकरीच झाली ते. अर्धी नोकरी काय असते?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कोरा कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. “लिहा अर्ज.”

तो लिहायला लागला. अक्षर चांगलं आहे त्याचं. नाव, गाव, गट नंबर लिहून झालं आणि तो थांबला.

“कारण काय लिहू?”

“जे आहे ते लिहा,” बाई म्हणाल्या.

“बायकोले नोकरी लागली,” तो म्हणाला. हळू नाही म्हणाला. घरात लग्न ठरलं की माणूस रस्त्यात भेटेल त्याला ज्या आवाजात सांगतो ना, तसा म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून पाहायला लागले. दारातला शिपाई आत डोकावला. आणि हा पुढं सांगतच होता, “मास्तरीन झाली. जिल्हा परिषदेत. लय वर्षं थांबली ती, मॅडम. रानात माह्यासंगं निंदत होती. परीक्षेचा फॉर्म बी ह्याच हप्त्यातून भरला होता. ज्याच्यासाठी आले होते पैशे ते काम झालं. आता दुसऱ्या कोनाचं होऊ द्या.”

त्या ऑफिसात कुठं पाहावं ते मला कळेना. मी पंख्याकडं पाहत राहिले. नेमणुकीचं पत्र मिळालं त्या दिवशी बुलडाण्याला समारंभ होता, टाळ्या होत्या, फोटो होते. पण मला नोकरी लागली हे मला खरं वाटलं ते त्या टेबलापुढं.

बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. तो आलेला एक हप्ता परत कसा भरायचा तेही त्यांनीच समजावून सांगितलं. निघताना त्या मला म्हणाल्या, “शाळेत चांगलं शिकवा हं.” मी हो म्हटलं.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. हा बशीत चहा ओतून तसाच धरून बसला.

“काय झालं?”

“काही नाही.” मग बशीकडं पाहत, “असं वाटलं का, आता मी कोन? सरकारच्या वहीतून तं गेलो मी.”

मी त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलले. “सातबारा कोनाच्या नावावर हाये?”

“माह्या.”

“सोयाबीन कोनी काढलं यंदा?”

“मी.”

“माह्याविना काढलं का नाही? मी तं शाळेत होतो.”

“हाव. एकट्यानं.”

“मंग?”

तो हसला आणि बशीतला चहा पिऊन टाकला. आम्ही मोटारसायकलवर परत निघालो. त्याच्या पाठीला टेकून बसले आणि रस्ताभर कडेची हिरवी हरभऱ्याची रानं पाहत आले.

गावात ही बातमी आमच्या आधी पोचली होती. रांगेतला तो हसणारा म्हातारा आमच्याच शिवेवरच्या गावचा निघाला. पारावर माझ्या नवऱ्याचं नाव ‘दानशूर’ पडलं. “काय दानशूर, आज कोनाले देलं?” असं लोक विचारायचे. काही जण मनातून चिडले होते, कारण त्यांच्याही घरात कुणी ना कुणी नोकरीवर होतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त जमादार तर तोंडावर म्हणाले, “तुह्यापायी चौकशी लागन साऱ्या गावाले.” हा त्यांना एवढंच म्हणाला, “मी माहंच नाव सांगून आलो, काका.”

आणि मग पुढचा हप्ता आला. त्या दिवशी सगळ्यांचे फोन वाजले. ह्याचाही वाजला, बँकेत नवा नंबर दिलेला होता! अर्जावर कारवाई झाली नव्हती. आत्याबाईंचा मात्र वाजला नाही. ज्याचा बंद करायचा त्याचा आला आणि जिला हवा तिचाच थांबला. आत्याबाईंनी दोन दिवस वाट पाहिली, मग ओसरीवर बसून मोठ्यानं म्हणाल्या, “सांगतलं होतं मी. सांगतलं होतं का नाही?” शेजारपाजार ऐकत होता. हा खाली मान घालून दोर वळत राहिला.

पुढच्या शनिवारी मी आले तर घरात अबोला. त्यानं सेंटरवरच्या मुलीकडून पाहून घेतलं होतं. आत्याबाईंची केवायसी राहिली होती. त्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं. त्याच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण हे त्यांना कोण पटवणार? शेवटी मीच म्हटलं, “आत्याबाई, सोमवारी मी रजा टाकते. आपण तिघं जाऊ तालुक्याला.”

“मी नाही येत. त्यो मले बी दान करून टाकीन.”

पण त्या आल्या. पांढरं पातळ नेसून, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आल्या. कचेरीत शिरलो तर दारातल्या शिपायानंच ओळखलं. “जयभीम, भाऊ! तुम्हीच ना ते, बंद करणारे?” खिडकीवरच्या साहेबांनी मान वर केली, ह्या वेळी आपण होऊन. “अजून चालू आहे का तुमचा?”

“माहा चालू हाये अन् मायचा बंद हाये,” हा म्हणाला. “उलटं करून द्या.”

आता मात्र साहेबही हसले. त्यांनी एका पोराला हाक मारली, त्यानं मोबाइलवर आत्याबाईंचा चेहरा घेतला. डोळे मिटा, उघडा, असं तो सांगत होता आणि आत्याबाई डोळे इतके घट्ट मिटत होत्या की कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या. झालं. बोटं लागलीच नाहीत. आतल्या वयस्क बाई बाहेर आल्या, ह्याचा अर्ज कुठं अडकला ते त्यांनी स्वतः पाहिलं, आणि आत्याबाईंना म्हणाल्या, “आजी, तुमचा मुलगा आमच्या लक्षात आहे.”

“काऊन? काय केलं त्यानं?” आत्याबाईंनी घाबरून विचारलं.

“असा अर्ज घेऊन इथं दुसरं कुणी आलेलं नाही.”

परतताना जीपमध्ये आत्याबाईंनी पुढची सीट ह्याला दिली, आणि स्वतः मागं माझ्याजवळ येऊन बसल्या.

हळूहळू सगळं मार्गी लागलं. आत्याबाईंचा राहिलेला हप्ता पुढच्या हप्त्याबरोबर आला. ह्याचा बंद झाला, आणि अधले-मधले जे आले होते ते आम्ही परत भरले. सेंटरवरच्या मुलीनं भरल्याची पावती काढून दिली आणि स्वतःचं कमिशन घ्यायला नाही म्हणाली. ह्यानं तिच्या टेबलावर तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली.

मला जास्त मौज वाटली ती आत्याबाईंची. हप्त्याच्या दिवशी बायका आमच्या ओसरीवर फोन घेऊन वाचून घ्यायला आल्या होत्या. मी घरी होते. आत्याबाई मधोमध बसल्या होत्या आणि सांगत होत्या, “माह्या लेकाले नाही आला. त्यानं स्वतःच बंद केला. साहेबाच्या तोंडावर सांगतलं, मले नको म्हने. त्याची बायको मास्तरीन हाये ना.” जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. मी आत गेले आणि तोंडाला पदर लावून हसले.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ते जमादार आमच्या दारात आले. मुलगी शाळेची तयारी करत होती, हा तिच्या वेण्या घालत होता. जमादारांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि इकडंतिकडं पाहून म्हणाले, “पेन्शन हाये मले. तुले तं माहीतच हाये. ते आतल्या टेबलावरच्या बाई कोन्त्या वारी असतेत?”

हा हसला नाही, टोमणा मारला नाही. वेणीला रिबीन बांधली, मुलीला दप्तर दिलं.

“बसा, काका. च्या घ्या. मी बी येतो संगं.”

मी चहा टाकला. जमादार ओसरीवर बसून हरभऱ्यावरच्या अळीबद्दल विचारत होते, कोणतं औषध मारलं, कधी मारलं. आणि माझा नवरा त्यांना नीट, सावकाश सांगत होता. ते मान डोलवत ऐकून घेत होते.